ऑस्ट्रोगॉथ म्हणजे 'पूर्वेकडचे गॉथ'? प्रकरण इतके सरळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला रोमन साम्राज्याच्या पडझडीवरचा लेख वाचनीय होता. मात्र त्यातल्या, गॉथांबद्दलच्या (रोमन सरहद्दीवरचे, इंग्रजी-जर्मनच्या म्हणजे जर्मानिक कुळातली भाषा बोलणारे लोक) चौकटीत 'गॉथांच्या दोन शाखा : पूर्वेकडचे ते ऑस्ट्रोगॉथ, पश्चिमेकडचे ते व्हिसिगॉथ' असे ठोकून दिले आहे आणि सोबतच्या इ. स. ३५० च्या नकाशात नीस्तर नदीच्या (काळ्या समुद्राला मिळणारी, आजच्या युक्रेन-मोल्दोवामधली) दोन्ही अंगांना हीच दोन नावे छापली आहेत. दोष एकट्या लेखकाला देता येणार नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत हीच जोडी वर्षानुवर्षे फिरते आहे. पण ही जोडी सहाव्या शतकात इटलीत जुळवली गेली. ती चौथ्या शतकाच्या नकाशावर नेऊन चिकटवली की पुढचा सगळा इतिहास वाकडा दिसू लागतो.

चौथ्या शतकातल्या गॉथांसाठी आपला मुख्य साक्षीदार रोमन इतिहासकार अम्मिआनुस मार्सेलिनुस. हूणांचा धक्का, इ. स. ३७६ मधले डॅन्यूब ओलांडणे, गॉथांनी रोमन फौज बुडवली ती ९ ऑगस्ट ३७८ ची एड्रिआनोपलची लढाई, हे सगळे तो तपशिलाने लिहितो. त्याच्याकडे दोन मोठे गट आहेत : थेर्विंगी आणि ग्रेउथुंगी. ऑस्ट्रोगॉथ हा शब्द त्याच्या लिखाणात नाही, व्हिसिगॉथही नाही. थेर्विंगींचा उल्लेख तर त्याच्याही आधी, इ. स. २९१ च्या एका लॅटिन राजस्तुतीत सापडतो.

ही दोन्ही नावे मुलखावरून पडलेली आहेत. थेर्विंगीच्या मुळाशी झाडाचा शब्द आहे, गॉथिक भाषेतला 'त्रिउ', आपल्या संस्कृत 'द्रु' आणि 'दारु' यांचा भाऊबंद. म्हणजे रानातले लोक. ग्रेउथुंगीचा संबंध जुन्या नॉर्समधल्या (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) 'ग्र्योत' म्हणजे दगडगोट्यांशी आणि जुन्या इंग्रजीतल्या वाळूखडीच्या शब्दाशी लावतात. म्हणजे उघड्या, रेताड माळावरचे लोक. नीस्तरच्या पश्चिमेला झाडी दाट होत जाते आणि पूर्वेला गवताळ मैदान सुरू होते, तेव्हा नावे जमिनीला धरून आहेत. अशी नावे बहुधा शेजारी ठेवतात. कोकणातला माणूस घाटावरच्याला 'घाटी' म्हणतो, घाटावरचा स्वतःची ओळख तशी करून देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

स्वतःसाठी लोक वापरतात ती नावे निराळी असतात, आणि त्यांत थोडी बढाई असते. थेर्विंगी स्वतःला 'वेसी' किंवा 'विसी' म्हणवत असावेत, असे इतिहासकार हर्विग वोल्फ्राम यांनी मांडले आणि ते बऱ्याच अभ्यासकांना पटले. या शब्दाचे मूळ जर्मानिक 'वेसु', अर्थ चांगला, थोर. संस्कृतातला 'वसु' तोच. आता गंमत पाहा. 'विसी'मध्ये पश्चिम कुठेच नाही. पश्चिमेचा जर्मानिक शब्द 'वेस्त्र' असा होता आणि त्यात 'त्र' आहे. ऑस्ट्रोगॉथमध्ये 'स्त्र' ठसठशीत आहे, व्हिसिगॉथमध्ये त्याचा मागमूस नाही. दोन्ही नावे दिशांवरून एकाच साच्यात घडली असती तर 'वेस्त्रोगॉथ' असे काहीतरी मिळायला हवे होते. ते कुठल्याही जुन्या लिखाणात मिळत नाही. जोडी नंतर जुळवली गेली याचा हा सगळ्यात साधा पुरावा, आणि तो तपासायला लॅटिन येण्याचीही गरज नाही.

राहिला 'ऑस्ट्रो'. जर्मानिक 'औस्त्र' म्हणजे पूर्व, हे खरेच आहे. पण पूर्वेला तो शब्द मिळाला तो पहाटेच्या उजेडावरून. संस्कृतातले 'उषस्' आणि 'उस्र' (पहाटेचा लालसर प्रकाश, किरण) याच घराण्यातले. 'उस्र'मध्ये नसलेला 'त' जर्मानिकात कुठून आला, हा प्रश्न वाचकाला पडेल. जर्मानिक भाषांत 'स्' आणि 'र्' शेजारी आले की मध्ये 'त्' घुसतो, हा नियमच आहे. 'स्वसृ'ला इंग्रजीत 'सिस्टर' आणि 'स्रव्' धातूला 'स्ट्रीम' मिळाले ते त्याच नियमाने. पुढे 'औ'चा 'ओ' झाला तो लॅटिन बोलीच्या सवयीने. रोममध्ये क्लौदिउसचा क्लोदिउस होतच असे.

तेव्हा ऑस्ट्रोगॉथ या नावाचे दोन अर्थ शक्य आहेत : 'पूर्वेकडचे गॉथ' किंवा 'उगवत्या सूर्याचे, तेजस्वी गॉथ'. वोल्फ्राम दुसऱ्या बाजूला झुकतात. 'विसी' म्हणजे 'थोर' अशी बढाई शेजारच्या गटाने मारली असेल, तर 'तेजस्वी' ही बढाई तिच्या तोडीस तोड बसते. माझाही कल तिकडेच आहे, पण पैजेवर सांगावे इतका पुरावा हाती नाही. गॉथिक बायबलचा दाखला इथे थोडी मदत करतो, थोडा हुलकावणी देतो. मॅथ्यूच्या आठव्या अध्यायातल्या अकराव्या ओवीत 'पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ जण येतील' असे वाक्य आहे. तिथे गॉथिक भाषांतरात पूर्वेसाठी 'उरुन्स' म्हणजे उगवण आणि पश्चिमेसाठी बुडण्याचा शब्द वापरला आहे, दिशेचा 'औस्त्र' नाही. अर्थात समोरच्या ग्रीक मजकुरातही उगवणे-मावळणे हेच शब्द असल्याने भाषांतरकाराने ते जसेच्या तसे उचलले असणार. स्वीडनमधल्या उप्सालाच्या जांभळ्या चर्मपत्रावरच्या, चांदीच्या शाईने लिहिलेल्या पोथीत हे वाक्य आजही वाचता येते.

'गॉथ' या उत्तरपदाबद्दल थोडक्यात. मूळ रूप 'गुत', गॉथांच्या आपल्या भाषेत देश किंवा लोक म्हणजे 'गुत-थिउदा'. ते 'ओतणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. गॉथिक 'गिउतान' आणि आपला 'हु' धातू (हवन, होम) यांचे मूळ एकच. ओतण्याचा नक्की संदर्भ काय, नदीचा की आणखी कशाचा, यावर मतभेद आहेत. रुमानियात पिएत्रोआसा इथे १८३७ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या कड्यावर रूनी लिपीत 'गुतानी' अशी अक्षरे आहेत. पुढे १८७५ मध्ये चोरांनी ते कडे तोडले आणि एक अक्षर जिथे तुटले तिथे अजून वाद चालू आहे.

आता हे नाव पहिल्यांदा दिसते कुठे? पुष्कळ जण 'इ. स. २६९' असे लिहितात, आणि खरी ठेच इथे लागते. सम्राट दुसऱ्या क्लौदिउसच्या चरित्रात त्याने हरवलेल्या टोळ्यांची यादी आहे. तीत ग्रेउथुंगी, औस्त्रोगोती, थेर्विंगी, विसी अशी चारही नावे वेगवेगळी येतात. पण हे चरित्र ज्या संग्रहात आहे, तो संग्रह तिसऱ्या शतकाच्या अखेरीच्या आणि चौथ्याच्या सुरुवातीच्या सहा लेखकांचा असल्याचे सोंग आणतो. प्रत्यक्षात तो चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच माणसाने रचला, हे हेर्मान डेस्साउ यांनी १८८९ मध्ये दाखवले आणि आता ते जवळपास सर्वमान्य आहे. तेव्हा ती यादी २६९ चा पुरावा नव्हे. ३९० च्या आसपास रोमन कानांवर कोणकोणती नावे पडत होती, एवढेच ती सांगते.

तारीख पक्की असलेला पहिला उल्लेख ३९९ चा. कवी क्लौदियान पूर्व रोमन दरबारातल्या युट्रोपिउस या मातब्बर मंत्र्याची टर उडवताना म्हणतो की फ्रिजियाची जमीन ऑस्ट्रोगॉथ आणि त्यांच्यात मिसळलेले ग्रेउथुंगी कसताहेत. फ्रिजिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा मध्य-पश्चिम भाग. ३८६ मध्ये डॅन्यूबवर पराभूत झालेल्या ग्रेउथुंगींना तिथे वसवले होते आणि ३९९ मध्ये त्रिबिगिल्दच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केले. म्हणजे नकाशातली 'पूर्व शाखा' ज्या वर्षी पहिल्यांदा नावानिशी भेटते, त्या वर्षी ती नीस्तरच्या पूर्वेला नसून आशिया मायनरमध्ये शेती करते आहे.

मग जोडी जुळवली कोणी? बोट कॅसिओडोरसकडे जाते. हा इटलीतला गॉथ राजा थिओडरिक आणि त्याच्या वारसांच्या दरबारातला मोठा रोमन अधिकारी. त्याने बारा भागांत गॉथांचा इतिहास लिहिला. तो हरवला, पण ५५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलात जोर्दानेसने त्याचा संक्षेप केला आणि तो टिकला. मूळ ग्रंथ आपल्याला तीनच दिवस वाचायला मिळाला, हे जोर्दानेस स्वतःच सांगतो. त्याच्याकडे पहिल्यांदा सगळे नीट रांगेत लावलेले दिसते : काळ्या समुद्राकाठी पूर्वेला ऑस्ट्रोगॉथ, पश्चिमेला वेसेगॉथ, एकांवर अमल घराण्याचे राज्य, दुसऱ्यांवर बाल्थी घराण्याचे. तरीही ऑस्ट्रोगॉथ हे नाव दिशेवरून पडले की ऑस्ट्रोगोथा नावाच्या राजावरून, हे तो ठाम सांगत नाही. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतो. चौकटीत इतकी ठाम व्युत्पत्ती देणाऱ्या आपल्या लेखकापेक्षा जोर्दानेस इथे जास्त सावध आहे!

कॅसिओडोरसला जोडीची गरज होती, आणि ती राजकीय होती. ५०७ मध्ये फ्रँकांनी व्हुइये (आजच्या फ्रान्समध्ये) इथे व्हिसिगॉथांचा राजा दुसरा अलारिक याला मारले. ५११ पासून थिओडरिक आपल्या नातवाच्या, म्हणजे या अलारिकचा मुलगा अमालारिक याच्या नावाने स्पेनचाही कारभार पाहू लागला. ५१५ मध्ये त्याने आपली मुलगी अमालासुन्था स्पेनमधल्या युथारिकला दिली आणि त्याची वंशावळ थेट अमल घराण्याला भिडवली. दोन दूरच्या राज्यांवर एकाच घराण्याचा हक्क सांगायचा, तर 'एका खोडाच्या दोन फांद्या' ही मांडणी फार सोयीची. तोवर सहाव्या शतकात एक राज्य इटलीत, दुसरे स्पेन-गॉलमध्ये, असे पूर्व-पश्चिम चित्र नकाशावर खरोखरच तयार झाले होते. 'विसी'च्या मागे 'गॉथ' जोडून 'ऑस्ट्रोगॉथ'च्या समोर उभे केले की काम झाले.

ऑस्ट्रोगोथा राजा मात्र निव्वळ कल्पनेतला नसावा. पूर्वी अभ्यासक त्याला नावावरून बेतलेला पूर्वज समजत. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका ग्रीक पोथीची काही पाने जुना मजकूर खरवडून पुन्हा वापरलेली आहेत. बहुवर्णपटीय छायाचित्रणाने खालचा मजकूर वाचता आला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो बहुधा अथेन्सच्या देक्सिप्पोसचा, म्हणजे तिसऱ्या शतकातल्याच इतिहासकाराचा आहे. त्यात ऑस्ट्रोगोथा हा नेता क्निवा या दुसऱ्या गॉथ पुढाऱ्याच्या बरोबरीने, क्निवाने फिलिप्पोपोलिस (आजचे प्लोव्दिव्ह) घेतल्यानंतर वावरताना दिसतो. ही घटना इ. स. २५०-२५१ ची. जोर्दानेसने मात्र ऑस्ट्रोगोथाच्या मृत्यूनंतर क्निवा गादीवर आला असे लिहिले होते. म्हणजे माणूस खरा, क्रम चुकला. थिओडरिकने आपल्या एका मुलीचे नाव ऑस्ट्रोगोथो ठेवले होते. ती बर्गंडीच्या सिगिस्मुंदला दिली होती. घराण्यात पिढ्यानुपिढ्या चालणाऱ्या व्यक्तिनामाचा अर्थ 'पूर्वेकडचा' असेल की 'तेजस्वी' असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

थिओडरिकची प्रजा तरी स्वतःला काय म्हणत होती? त्याच्या दरबारी पत्रव्यवहारात आपले लोक म्हणजे नुसते 'गॉथ'. सेनिगालियाजवळ सापडलेल्या सोन्याच्या मोठ्या नाण्यावर मिशीवाला थिओडरिक उजवा हात वर करून, डाव्या हातात गोलावर उभी विजयदेवी घेऊन दिसतो. भोवती अक्षरे आहेत 'राजा थिओडरिक, धर्मशील अधिपती' अशा अर्थाची. कोणाचा राजा, हे लिहिलेलेच नाही, आणि ते मुद्दाम असावे. इटलीतल्या रोमन प्रजेवरही त्याला तितकेच राज्य करायचे होते. पुढे इटलीतल्या गॉथांशी झालेल्या युद्धाचा ग्रीक इतिहासकार प्रोकोपिउसही इटलीतल्यांना गॉथ आणि स्पेनमधल्यांना व्हिसिगॉथ म्हणतो.

नावापेक्षाही मोठी चूक होते ती लोकांच्या बाबतीत. '३५० चे ग्रेउथुंगी तेच ५०० चे ऑस्ट्रोगॉथ' हे समीकरण टिकत नाही. इतिहासकार पीटर हेदर यांनी हे विस्ताराने दाखवले आहे. हूणांचा राजा अट्टिला याच्या मृत्यूनंतर पॅनोनियात (आजच्या पश्चिम हंगेरीच्या बाजूला) वालामीर, थिउदिमीर आणि विदिमीर या अमल भावांचा एक गट होता. थ्रेसमध्ये दुसरा गट थिओडरिक स्ट्राबोचा. ४७८ मध्ये पूर्व रोमन सम्राट झेनोने स्ट्राबोच्या १३,००० माणसांच्या पगाराची हमी घेतली होती, म्हणजे तो काही किरकोळ सरदार नव्हता. ४८१ मध्ये स्ट्राबो मेला, ४८४ मध्ये थिउदिमीरच्या मुलाने, म्हणजे आपल्या थिओडरिकने, स्ट्राबोच्या मुलाचा काटा काढला आणि त्याची बरीच माणसे आपल्याकडे वळवली. ४८८ मध्ये इटलीकडे निघताना बरोबर रुगी ही दुसरी टोळीही होती. ते पुढे पन्नास-साठ वर्षे बाहेर सोयरीक न करता वेगळे राहिले आणि ५४१ मध्ये त्यांनी आपला एरारिक काही महिने गॉथांच्या गादीवर बसवला. १५ मार्च ४९३ ला रावेन्नात, तोवर इटलीवर राज्य करणाऱ्या ओडोवाकरला मेजवानीत मारून जे राज्य उभे राहिले, ते असे मिसळणीचे होते. उलट पहिल्या अलारिकचे (पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा गॉथ पुढारी) 'व्हिसिगॉथ' म्हणजे थेर्विंगी, ग्रेउथुंगी आणि इटलीवर चालून आलेल्या रादागाइसुसच्या, ४०६ मध्ये मोडलेल्या फौजेतली माणसे. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरळ रेघ ओढली की हे सगळे गायब होते.

लेखात जाता जाता 'गॉथ जुन्नरपर्यंत आले होते' असेही एक वाक्य आहे. मराठी वाचकाला ते सुखावणारे असले तरी इतके बेधडक लिहू नये. जुन्नरच्या लेण्यांत दोन दानलेख आहेत. एकात 'यवनस इरिलस गतान' यांनी दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याचे आहे. दुसऱ्यात 'यवनस चिटस गतानं' यांनी संघाला भोजनमंडप दिल्याचे. या 'गत'चा अर्थ 'गॉथ' असा लावला तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने, १९१२ मध्ये. इरिल या नावातला 'इल' वुल्फिला, तोतिला या गॉथ नावांतल्यासारखा दिसतो, ही त्या मताची जमेची बाजू. अडचणी जास्त आहेत. त्या काळी गॉथांचे नाव ग्रीक-लॅटिनमध्ये 'गुत', 'गोत' असे उकार-ओकाराने येते. प्राकृतात त्याचे 'गत' का व्हावे? 'यवन' म्हणवणारे दाते कार्ल्यालाही आहेत आणि त्यांची नावे भारतीय आहेत. शिवाय काळ्या समुद्राकाठी गॉथांची पहिली ठळक नोंद इ. स. २३८ ची, डॅन्यूबच्या मुखाजवळच्या हिस्त्रिया या शहरावरच्या हल्ल्याची. जुन्नरचे लेख साधारणपणे त्याआधीचे मानतात. कोनोंचे मत म्हणून ते जरूर द्यावे, वस्तुस्थिती म्हणून नको. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र 'गॉथिक' म्हणून याच लेखात टाकणे तर निव्वळ दिशाभूल. कमानीच्या त्या शैलीला हे नाव प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी 'रानटी' या अर्थाने हिणवत दिले. खुद्द गॉथ राजाची वास्तू पाहायची तर रावेन्नात थिओडरिकची समाधी आहे : सुमारे पावणेअकरा मीटर व्यासाच्या एकाच अखंड चुनखडी दगडाचा घुमट, आणि टोकदार कमान एकही नाही.

पुढच्या भागांत अशी चूक टाळण्यासाठी सोपी पद्धत सांगतो. इ. स. ३७६ च्या आधीच्या मजकुरात थेर्विंगी आणि ग्रेउथुंगी एवढेच लिहावे. इंग्रजी पुस्तकात तिथे 'ऑस्ट्रोगॉथ' आढळले तर ते जोर्दानेसकडून आले आहे असे समजून खालची तळटीप पाहावी. एर्मानारिकला 'ऑस्ट्रोगॉथांचा राजा' म्हणणे हा याच चुकीचा सर्वांत जास्त दिसणारा नमुना. अम्मिआनुसकडे तो ग्रेउथुंगींचा राजा आहे. ३७६ ते ४८४ या मधल्या काळात गटाच्या पुढाऱ्याचे किंवा प्रदेशाचे नाव घ्यावे : पॅनोनियातले गॉथ, थ्रेसमधले गॉथ, अलारिकचे गॉथ. ४९३ नंतर इटलीतल्या राज्यासाठी ऑस्ट्रोगॉथ हा शब्द सोयीसाठी खुशाल वापरावा, कारण तो रूढ आहे आणि स्पेनच्या राज्यापासून वेगळेपण दाखवतो. फक्त ते लोक स्वतःला हे म्हणत होते असा भास होऊ देऊ नये. 'ऑस्ट्रिया' या देशनावाशी मात्र गल्लत नको. त्यातला जर्मन शब्दही पूर्वेचाच आहे, पण ते नाव दहाव्या शतकातल्या सरहद्दीच्या मुलखाचे, गॉथांशी त्याचा संबंध नाही. स्वीडनमधल्या ओस्टरयॉटलँड प्रांताचेही तसेच. तिथले लोक यॉटर, आणि नावातले साम्य पाहून त्यांना थेट ऑस्ट्रोगॉथांचे मूळ गाव ठरवू नये.

शुद्धिपत्र छापणार असाल तर नकाशाच्या खालची ओळ अशी हवी : 'इ. स. ३५० च्या सुमारास नीस्तरच्या पश्चिमेला थेर्विंगी, पूर्वेला ग्रेउथुंगी.' आणि थिओडरिकच्या मृत्यूच्या वर्षाचा, ५२६ चा, जो दुसरा नकाशा आहे, त्यात सिसिली संपूर्ण गॉथांच्या रंगात रंगवली आहे. तिचे पश्चिम टोक, लिलिबाउम (आजचे मार्साला), थिओडरिकने ५०० मध्ये बहीण अमालाफ्रिदाच्या लग्नात उत्तर आफ्रिकेतल्या व्हँडलांचा राजा थ्रासामुंद याला दिले होते. तेवढा कोपराही दुरुस्त करावा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे